इंग्लंडातली पडवी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, इंग्लंडमधल्या एका तीनशे वर्षं जुन्या सरदारी हवेलीला पडवी आहे. सदर पडवी हवेलीच्या मागच्या अंगाला असून दगडी आहे, तिला सात कमानी आहेत आणि तिच्या टोकाला दोन खोल्यांचं एक सुबक बिऱ्हाड आहे. ही पडवी ज्यांनी बहरीनमधल्या एका लहानशा कचेरीत बसून (चुकले, उभं राहून) कागदावर आणली, ते दत्ताराम मेस्त्री, मूळ राहणार कुडाळजवळ, सहा आठवड्यांपूर्वी वारले. हवेलीत आज राहणाऱ्या नऊ कुटुंबांना यातलं काहीही ठाऊक नाही. त्यांना कळवावं की नाही यावर आमच्या इमारतीत दोन तट पडले आहेत. त्यांचा निकाल लागेपर्यंत निदान तुम्हाला सांगते.

बातमी मला वरून आली, अक्षरशः वरून. बहरीनच्या माहूज भागातल्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि मेस्त्री कुटुंब तिसऱ्या. माझं छत ती त्यांची जमीन. सतरा वर्षं दत्ताभाऊ माझ्या डोक्यावरून चालत होते. चहा पिताना चालायचे, फोनवर बोलताना चालायचे, बातम्या बघताना चालायचे. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अकरा पावलं, वळण, अकरा पावलं. त्या शुक्रवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते. वर पावलं सुरू होती. सहा, सात, आठ... आणि मग काहीतरी जड पडल्याचा आवाज. मी आमच्या ह्यांना म्हटलं, “भाऊंनी पुन्हा सोफा हलवला वाटतं.” दर दोन महिन्यांनी ते सोफ्याची जागा बदलायचे, त्यामुळे हा विनोद आमच्या घरात जुना होता. आम्ही दोघं हसलो. मी पोह्यांवर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला, आणि मग मला जाणवलं की वर कोणीच चालत नाहीये. तेवढ्यात बेल वाजली. दारात त्यांची मुलगी तन्वी, अनवाणी. “मावशी, बाबा फेल डाउन,” एवढंच म्हणाली. अंतर तीस पायऱ्यांचं, पण आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हातातला कप तेवढा शाबूत होता. माणूस उभ्या उभ्याच गेला.

आमची ओळखही ह्या पावलांवरूनच झाली. मेस्त्री वर नव्यानं राहायला आले तेव्हा आठ दिवस ती अकरा पावलं ऐकून मी भांडायलाच वर गेले. मी इथल्या मराठी मंडळींची हौशी नाटकं बसवते, त्यामुळे भांडण कसं करायचं याची मला उत्तम तालीम आहे. कमरेवर हात, मान तिरकी, पहिलं वाक्य तयार. दार उघडलं ते एका बुटक्या, काटक माणसानं. माझ्याकडे न बघता त्यानं आधी माझ्या डोक्यावरच्या चौकटीकडे बघितलं, मग छताकडे, मग पायाखाली. “खाली ऐकू जातं? माफ करा हां. म्हणजे स्लॅब पाच इंचांची टाकलीय चोरांनी!” मागून त्यांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा आवाज आला, “अवो, त्या बाईंक आत तरी घेवा! आनि तुमी बसा मां जरा!” ‘बसा जरा’ हे वहिनींचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर किती हजार वेळा ऐकलं, देव जाणे. नवरा बसावा म्हणून त्यांनी एकदा ईसा टाउनच्या बाजारातून एक ऐसपैस खुर्ची आणली, पाय वर घेता येतील अशी. तिच्यावरचं प्लॅस्टिक आजपर्यंत निघालेलं नाही. वहिनींनी शपथ घातली होती की ज्यासाठी आणली तो बसला की मगच काढायचं.

त्या पहिल्या भेटीतच मी भाऊंना नाटकाच्या नेपथ्याला जुंपलं. मीच पस्तावले. मी म्हणायचे, इथे एक दार हवं. ते विचारायचे, “डायरेक्टरबाई, दाराच्या पलीकडे काय?”

“विंग.”

“विंग नव्हे हो. घरात काय? न्हाणी की स्वयंपाकघर?”

“काय फरक पडतो, भाऊ? प्रेक्षकांना दिसतंय का?”

“दिसत नाही, पण दार तसं उघडतं!”

व्यवसायानं ते ड्राफ्ट्समन. आयटीआयमधून शिकून निघाले ते थेट बहरीनला आले आणि एका इंग्रज साहेबाच्या छोट्या कचेरीत नकाशे काढू लागले. बारा-तेरा वर्षांपूर्वी साहेबाच्या एका जुन्या कॉलेजमित्राकडून तिथं ते काम आलं. इंग्लंडातल्या खेड्यातली एक सरदारी हवेली. घराणं संपलेलं, एवढं मोठं घर सांभाळायला कोणी नाही, म्हणून तिची नऊ बिऱ्हाडं करायची होती. मोजमापं आणि फोटो तिकडून यायचे, नकाशे इकडे व्हायचे. दत्ताभाऊ त्या घरात सव्वा वर्ष राहिले असंच म्हणायला हवं. संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, आज जिन्याखाली एक कोनाडा सापडला, आज कळलं की वाचनालयाची भिंत आतून लाकडाची आहे. इंग्रजांच्या खोल्यांची नावं मात्र त्यांच्या डोक्यात बसेनात. “मॉर्निंग रूम म्हणे! सकाळी बसायला वेगळी खोली. मग दुपारी काय उभं राहायचं?” (हे कोण विचारतंय!) मग त्यांनी आपली युक्ती काढली. काम चालू असताना नकाशावर आपली नावं घालायची, ओटी, माजघर, माळा, न्हाणी, सगळी रोमन अक्षरांत, आणि साहेबाला दाखवायच्या आधी ती पुसून इंग्रजी नावं टाकायची. अशा रीतीनं सरदारसाहेबांची तीनशे वर्षांची हवेली सव्वा वर्ष आतून कुडाळची होती.

त्या हवेलीच्या मधोमध एक हॉल होता, दोन मजले उंच. त्याच्या छतावर चुन्याच्या गिलाव्यात एक मोठी गोल माळ कोरलेली होती, द्राक्षांचे घड, डाळिंबं आणि पानं. दत्ताभाऊंनी फोटोंवरून त्यातलं पान न् पान काढलं. साहेब ओरडला, कामाच्या नकाशात द्राक्षं कशाला? द्राक्षांची गरज नव्हतीच, कारण मूळ बेत असा होता की हॉलच्या बरोब्बर मधून भिंत घालायची. अर्धा हॉल डावीकडच्या बिऱ्हाडाला, अर्धा उजवीकडच्या. अर्धी माळ इकडे, अर्धी तिकडे. गुरुवारी त्यांनी ती भिंत नकाशावर आखली. शुक्रवार-शनिवार, म्हणजे इथल्या सुट्टीत, माझं छत एक क्षण शांत नव्हतं. रविवारी कचेरीत जाऊन त्यांनी ती खोडली आणि साहेबाला सांगितलं, “सर, धिस लाइन आय कॅनॉट.”

मला हे कळलं तेव्हा मी खो खो हसले. म्हटलं, “भाऊ, इंग्रजांच्या छताचा तुम्हाला एवढा पुळका का?” ते खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, “बाई, मी शिकून बाहेर पडलो ना, तेव्हा आयुष्यातला पहिला नकाशा काढला तो आमच्याच घराच्या वाटणीचा. वडील आणि काका. मी अगदी न्यायानं मधोमध भिंत घातली, माजघरातून. इंचाचा फरक नाही. दोघांनी पाठ थोपटली. आई मात्र त्या अर्ध्या माजघरात पुन्हा कधी बसली नाही. जेवणसुद्धा चुलीपाशी उभ्यानं... भिंत घालायला एक दिवस पुरतो हो. मग दोन्ही बाजूंनी माणसं जन्मभर तिला कान लावून राहतात.” मी हसणं थांबवलं. तेवढं मला कळतं.

तर साहेब म्हणाला, भिंत नको तर दुसरा मार्ग दाखव. नऊ बिऱ्हाडं झालीच पाहिजेत. आणि दत्ताभाऊंनी तो दाखवला. हवेलीच्या मागच्या बाजूनं नोकरांच्या ये-जा करण्यासाठी एक लांब, अंधारा बोळ होता. त्याची बाहेरची भिंत कमानी ठेवून उघडायची, पुढच्या दोन्ही बिऱ्हाडांची दारं त्या बाजूला फिरवायची, टोकाला उरलेल्या जागेत नववं बिऱ्हाड बसवायचं, आणि हॉलला हात लावायचा नाही. तो सगळ्यांचा. साहेबानं नकाशा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, दोन्ही नकाशे पाठवू, भिंतीचाही आणि हाही. निवड तिकडचे लोक करतील. पाठवले. आणि दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ माझ्या दारात, चेहरा पांढराफटक. “बाई, घात झाला. सगळी नावं पुसली, एक राहिलं. त्या बोळावर ‘पडवी’ तसंच गेलं इंग्लंडला!” चार दिवस ते नोकरी जाण्याची वाट बघत होते. नोकरी गेली नाही. कोणी काही विचारलंच नाही. पुढे साहेबाची तब्येत बिघडली, तो मायदेशी गेला, कचेरी बंद झाली आणि हवेलीचं काम तिकडच्याच कोणाकडे गेलं. छत कापलं की वाचलं, हे दत्ताभाऊंना कोणी कळवलं नाही.

इथून पुढे माझ्या छतावरची पावलं वाढली. दुसरी नोकरी लागली ती एसीच्या डक्टचे नकाशे काढण्याची. त्यावर म्हणायचे, “आता मी खोट्या छतांवर पोट भरतो.” कोणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. नवख्या लोकांना वाटायचं पाल आहे, बायका पाय वर घ्यायच्या. साहेबाच्या जुन्या पत्त्यावर त्यांनी पत्रं पाठवली, उत्तर नाही. मग स्वतःच जाऊन बघायचं ठरवलं आणि व्हिसाचा फॉर्म भरला. ‘प्रवासाचा हेतू’ या रकान्यात तन्वीनं ‘पर्यटन’ लिहायला सांगितलं होतं. दत्ताभाऊ खोटं कसं लिहिणार? त्यांनी लिहिलं, ‘एक छत बघणे’. व्हिसा अर्थातच मिळाला नाही. तन्वी आठवडाभर बापाशी बोलली नाही. मग तिनंच त्यांना लॅपटॉपवर सोय करून दिली की त्या हवेलीतलं कुठलंही घर विकायला निघालं की जाहिरात आपोआप यावी. एकदा आली. त्यात ओव्हन होता, बाथटब होता, आणि एका फोटोत अर्धवट उघड्या दारातून हॉलच्या छताचा तळहाताएवढा कोपरा. द्राक्षांचा एक घड, आणि त्याच्या शेजारी एक काळी उभी रेघ. भिंग घेऊन दत्ताभाऊ माझ्याकडे आले. “बाई, बघा. ही सावली की भिंत?” मी म्हटलं सावली. आमचे हे म्हणाले भिंत. वहिनी म्हणाल्या, “माझ्या नशिबाची रेघ ती!” तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा संशय आला की आम्ही विचारतो, सावली की भिंत?

आता शेवटची भेट. ती मला आवडणारी नाही, पण सांगायला हवी. गेले त्याच्या दोन दिवस आधी मी बाब अल बहरीनच्या बाजारातून नाटकाच्या पडद्याचं कापड घेऊन परतत होते. उकाडा, दोन्ही हातांत पिशव्या, आणि लिफ्टपाशी दत्ताभाऊंच्या येरझारा चाललेल्या. त्या रेघेचं पुन्हा नवीन गणित त्यांनी मांडलं होतं, उजेड कुठल्या खिडकीतून पडला असेल तर सावली कुठं पडेल वगैरे. मी वैतागले. “कापलं असेल हो, भाऊ! बारा वर्षं झाली. खलास! एवढ्या मोठ्या जगात एका छताचं काय घेऊन बसलात?” ते क्षणभर थांबले. खरोखर पाय थांबले त्यांचे. मग म्हणाले, “घेऊन बसलो कुठे, बाई...” आणि हसले. लिफ्ट आली. लिफ्टमध्ये चालता येत नाही म्हणून ते नेहमीसारखे जिन्यानं गेले. वरच्या वळणावरून आवाज आला, “इंशाल्ला, नसेल कापलं!”

तर, हे मी असं बोलले होते. आणि ते गेल्यावर माझं छत गप्प झालं. तुम्हाला वाटेल शांतता मिळाली. छे! मला एका जागी बसवेना. वाचायला घेतलं की नजर वर. जेवताना मी उठून खिडकीपर्यंत जाऊन येऊ लागले. आमचे हे म्हणाले, “आता खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील.”

पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी तन्वीचा फोन आला. ती इथंच, ईसा टाउनच्या शाळेत शिकली, आता बँकेत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. “मावशी, व्हॉट इज पॅडव्ही?”

मला वाटलं औषध. म्हटलं, “कोणाला दिलंय? जेवणाआधी की नंतर?”

“नो, नो! बाबांच्या लॅपटॉपवर न्यू लिस्टिंग आलंय. फ्लॅटचं नाव आहे, द पॅडव्ही.”

मी पायऱ्या किती ढांगांत चढले ते सांगता येणार नाही. पोरीला तो शब्द कळणार तरी कसा? जन्मली-वाढली बहरीनच्या फ्लॅटांत, तिनं पडवी पाहिली कुठे? पण जाहिरातीत लख्ख तेच लिहिलेलं होतं. पडवी फक्त एका नकाशात होती. म्हणजे दत्ताभाऊंचा नकाशा निवडला गेला होता! मी नाचायला लागणार, तेवढ्यात तन्वी म्हणाली, “बट मावशी, त्यांनी दोन्ही केलं असेल तर? पडवी ॲण्ड वॉल?” तिच्या बापाचीच लेक. जाहिरातीत फोटो दोनच, एक शेगडीचा, एक न्हाणीघराचा. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला दुसरा मार्ग उरला नाही. मी घर विकत घ्यायचं ठरवलं.

म्हणजे नाटकात. गेल्या शनिवारी दुपारी, मेस्त्रींच्या दिवाणखान्यात, मी गतवर्षीच्या नाटकातल्या श्रीमंत विधवेचे खोटे मोती गळ्यात घालून, खांद्यावर शाल टाकून लॅपटॉपसमोर बसले. समोर पडद्यावर इंग्लंडातली एक हसरी तरुण एजंट, हातात फोन घेऊन मला घर दाखवायला निघालेली. तन्वी आणि वहिनी कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं लॅपटॉपच्या मागं. त्यांच्यासाठी तन्वीनं चित्र समोरच्या टीव्हीवरही लावलं होतं. टीव्हीसमोर ती प्लॅस्टिकची खुर्ची, रिकामी. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं. विचारलं, हे ‘पॅडव्ही’ नाव काय आहे? पोरगी खुलली. म्हणाली, मॅडम, हा फार जुना इंग्रजी शब्द आहे, आम्हाला वाटतं पहिल्या मालकांच्या काळातला. पूर्वी इथं शिकारीहून आलेले घोडे धूत असत. टीव्हीपाशी वहिनींनी पदर तोंडात कोंबला.

तिनं शेगडी दाखवली. मी म्हटलं, सुंदर, आणि छत? तिनं बॉयलर दाखवला, फार गुणी बॉयलर होता. मी म्हटलं, वा, आणि छत? तिला वाटलं मी गळतीबद्दल विचारतेय, तिनं स्वयंपाकघराचं कोरडं ठणठणीत छत दाखवलं. मग कमानी आल्या. एक, दोन, तीन... सातही, एकेकीतून कोवळं ऊन आत आलेलं. हे सगळं कागदावर मी पाहिलेलं होतं. मी धीर एकवटला आणि म्हटलं, बाळ, माझ्या कुटुंबात एक रीत आहे, घराच्या मुख्य हॉलचं छत बघितल्याशिवाय आम्ही घर घेत नाही. ती म्हणाली, हो का! आणि एक जड दार उघडून आत गेली. तिच्या बुटांचा आवाज बदलला, मोठ्या जागेतला झाला. आणि तिनं फोन वर केला.

चित्र हललं, धुरकट झालं, मग स्थिरावलं. मी द्राक्षांवरून बोट फिरवल्यासारखी नजर फिरवत गेले. डाळिंब, पान, घड, पुन्हा पान... कुठल्या क्षणी भिंत येईल म्हणून श्वास धरलेला. ती आली नाही. माळ फिरत फिरत जिथून निघाले तिथंच येऊन मिळाली. अख्खी गोल. त्या जुन्या फोटोतली काळी रेघ सावलीच होती, वरच्या गॅलरीच्या खांबाची, अजून तिथंच पडलेली. पोरगी सांगत होती की हा हॉल कोणाच्याच मालकीचा नाही, नऊही कुटुंबं नाताळला इथं एकत्र जेवतात, लांबलचक टेबल मांडून. तन्वी पुटपुटली, “बाबा, यू वेअर राइट.” माझे खोटे मोती हातात तुटून आले होते, कधी ते मला कळलं नाही.

“मॅडम, आता बाथरूम बघायचं का?” पोरीनं विचारलं. मी उत्तर देणार, एवढ्यात वहिनी पुढं झाल्या. त्यांनी त्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक दोन्ही हातांनी टरकन फाडलं, एकदा टीव्हीवरच्या छताकडे बघितलं, एकदा खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच्या त्या अकरा पावलांच्या वाटेकडे, आणि इंग्लंडपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या ओरडल्या,

“अवो, बघितलात मां? आता तरी बसा!”